लाजेपायी वाया जाणारा पुरावा

रक्त तपासायचे म्हटले की माणूस मुकाट्याने हात पुढे करतो. लघवीची बाटली मागितली तर जरा ओशाळतो, पण देतो. विष्ठेची डबी हातात ठेवली की मात्र त्याची मान खाली जाते. "उद्या आणतो" म्हणून गेलेला परत येत नाही, आणि आलाच तर डबी रिकामी असते. आतड्यांतल्या जिवाणूंवरचे बहुतेक सगळे वैद्यकीय संशोधन याच डबीपासून सुरू होते. म्हणून या लाजेकडे किरकोळ अडचण म्हणून पाहणे मला मान्य नाही. ती आपण पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे, आणि तिची किंमत ज्यांना कोणी विचारत नाही अशा माणसांना मोजावी लागते.

पोटात काय नांदते ते आधी नीट समजून घेऊ. शरीरातल्या पेशींपेक्षा जिवाणू दहापट असतात, असे अजूनही व्याख्यानांत ठोकून दिले जाते. ते चूक आहे. २०१६ साली काळजीपूर्वक हिशेब मांडला गेला तेव्हा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू निघाले, म्हणजे जवळजवळ बरोबरीच. त्या सगळ्या जिवाणूंचे वजन पाव किलोही भरत नाही. पण आपल्याला न पचणारे धान्याचे आणि भाजीचे तंतू तेच आंबवतात, त्यातून होणाऱ्या आम्लांवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पोसल्या जातात, आणि तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती त्यांच्याच संगतीत घडते. मधुमेहापासून कुपोषणापर्यंत अनेक आजारांशी त्यांचा संबंध जोडला जातो. संबंध जोडणे सोपे आहे. तो खरा की भासमान, हे ठरते अभ्यासाच्या पद्धतीवर.

या विषयात महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची पाहणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते की इतर देशांतल्या लोकांच्या मानाने भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या कुळांतले जिवाणू भरपूर आढळतात. प्रिव्होटेला हा धान्य, डाळी, भाज्या खाणाऱ्यांच्या आतड्यांत रमणारा. त्याच संस्थेच्या आश्रयाने २००९ पासून जिवाणूंचा मोठा संग्रह उभा राहिला आहे. पुण्याजवळच्या वढू गावच्या परिसरात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वर्षानुवर्षे घरोघरच्या नोंदी ठेवल्या आहेत. तिथल्या ग्रामस्थांच्या जिवाणूंची त्यांच्या आयुर्वेदिक प्रकृतीशी तुलना करणारा निबंध २०१८ साली आला. म्हणजे कष्ट घेणारी माणसे आहेत, संस्था आहेत, यंत्रेही आहेत. तरीही यातला प्रत्येक निष्कर्ष शेवटी कुणा एका माणसाने सकाळी संडासात बसून काय केले, यावर टेकलेला असतो.

ते काय, ते स्पष्टच सांगतो. नमुन्याची डबी साधी असते. झाकणाच्या आतल्या बाजूला एक लहान चमचा जोडलेला, वर नाव किंवा क्रमांक लिहायची चिठ्ठी. विष्ठा पाण्यात पडू द्यायची नाही, तिच्यात लघवी मिसळू द्यायची नाही, वरवरचे न घेता मधला थोडा भाग चमच्याने उचलायचा, झाकण घट्ट लावायचे आणि वेळ लिहायची. कागदावर हे सोपे दिसते. पण या सूचना बहुधा ज्यांच्या घरी बैठकीचा कमोड आहे त्यांच्यासाठी तयार झालेल्या असतात. नमुना झेलण्यासाठी कमोडवर अडकवायचे भांडे आपल्या भारतीय संडासावर बसत नाही. आपण उकिडवे बसतो, पाण्याने धुतो, आणि चाळीत किंवा वस्तीत बाहेर रांग उभी असते. मग माणूस घाईने काहीतरी भरतो. कोणी पाणी मिसळलेले आणतो, कोणी कालचे, कोणी लाजेने कपाटात ठेवून दुपारी देतो. एकाने घरातल्या मुलाचे आणून दिले तर आश्चर्य नको. नमुना घेणाऱ्यालाही डबी उघडून पाहायची किळस असते, तो तशीच पुढे ढकलतो. चार तास उन्हात राहिलेल्या डबीत काही जिवाणू वाढलेले असतात, हवा सहन न होणारे काही मेलेले असतात. प्रयोगशाळेत त्या डबीतून जे चित्र निघेल ते रुग्णाच्या आतड्याचे कमी आणि डबीच्या प्रवासाचे जास्त असेल.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. संडासाच्या भांड्यावर पसरायचा जाड कागद, हातमोजे, नमुना सामान्य तापमानातही टिकवणारे द्रव्य आधीच घातलेली डबी, आणि मुख्य म्हणजे समजावून सांगायला कोणीतरी. रुग्णाला चित्र दाखवून विचारता येते: आज कशी झाली? १९९७ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी विष्ठेच्या घट्टपणाची सात चित्रांची पट्टी प्रसिद्ध केली. पुढे संशोधकांच्या ध्यानात आले की जिवाणूंच्या विविधतेतला मोठा फरक निव्वळ या घट्टपणाशी जुळतो. म्हणजे बद्धकोष्ठाचा रुग्ण आणि जुलाबाचा रुग्ण यांची तुलना करताना ही चित्रे दाखवली नाहीत, तर आतड्याच्या गतीलाच आजार समजून बसण्याचा धोका राहतो. एवढा साधा प्रश्न न विचारता केलेला अभ्यास मला अर्धवट वाटतो. तो विचारला जात नाही, कारण विचारणाऱ्यालाही लाज वाटते.

डबी प्रयोगशाळेत पोहोचल्यावर नवे फाटे फुटतात. ती उणे ८० अंशांवर गोठवायची. मग जिवाणूंच्या पेशी फोडून डीएनए बाहेर काढायचा. काही जिवाणूंचे कवच इतके कठीण की बारीक काचेच्या किंवा सिरॅमिकच्या मण्यांसह जोराने हलवल्याशिवाय ते फुटत नाही. मणी वापरले नाहीत तर असे जिवाणू यादीतून नाहीसे होतात आणि आपण म्हणतो की या रुग्णात ते नव्हतेच. २०१७ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने डीएनए काढण्याच्या २१ पद्धती सारख्याच नमुन्यांवर चालवून पाहिल्या, तेव्हा पद्धत बदलली की उत्तर किती बदलते हे उघड झाले. पुढचा टप्पा वाचनाचा. कार्ल वूझ यांनी १९७७ साली ज्या रेणूच्या आधारे जीवसृष्टीची नवी वंशावळ मांडली, त्याचेच जनुक वाचणे स्वस्त पडते, पण त्यातून बहुधा कुळापर्यंतच ओळख पटते. नमुन्यातला सगळा डीएनए वाचला तर जात आणि जिवाणूंची कामेही कळतात, पण खर्च कितीतरी वाढतो. रसायनांच्या बाटल्यांतही परक्या जिवाणूंचा डीएनए असतो, म्हणून प्रत्येक वेळी एक रिकामा नमुना सोबत चालवावा लागतो. तो चालवला की नाही, हे निबंधात लिहिलेले असावे. आणि विष्ठेतले जिवाणू म्हणजे आतड्याच्या भिंतीला चिकटलेले जिवाणू नव्हेत. ते पाहायचे तर दुर्बिणीने आतला तुकडाच घ्यावा लागतो.

यातली सर्वांत मोठी चूक मला औषधांबाबत होताना दिसते. युरोप आणि चीनमधल्या, मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या ७८४ नमुन्यांची फेरतपासणी करणारा निबंध २०१५ साली आला. मधुमेहाची खूण म्हणून आधी सांगितलेले काही बदल खरे तर मेटफॉर्मिन या गोळीचे होते, असे त्यातून दिसले. मेटफॉर्मिन आपल्याकडे घरोघरी चालते. ज्याला मधुमेहाचे जिवाणू शोधायचे आहेत, त्याने रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो, गेल्या काही महिन्यांत प्रतिजैविके घेतली का, आम्लपित्ताच्या गोळ्या चालू आहेत का, उपवास करतो का, हे सगळे शांतपणे विचारले पाहिजे. आणि रुग्णाला उत्तर देताना भीती वाटता कामा नये. "डॉक्टर रागावतील" म्हणून लपवलेली एक गोळी पूर्ण अभ्यास चुकवते. आपल्या रुग्णालयांत प्रश्न विचारायची पद्धत इतकी दरडावण्याची आहे की खरे उत्तर मिळावे अशी अपेक्षा करणेच धाडसाचे आहे.

ही लाज आणि ही किळस माणसाच्या स्वभावातच आहे, असे म्हणून हात झटकता येणार नाही. विष्ठेचा वास कोणालाच आवडत नाही हे खरे. पण आपल्या समाजाने तिला काही जातींच्या डोक्यावर लादले, आणि मग त्या माणसांनाच विटाळ ठरवले. हाताने मैला उचलायला लावणे कायद्याने आधी १९९३ साली आणि पुन्हा अधिक कडकपणे २०१३ साली बंद केले, ते दोनदा करावे लागले यातच सगळे आले. आज रुग्णालयात डबी घेऊन जाणारी मावशी कोण असते? प्रयोगशाळेत सांडलेले पुसते कोण? संशोधन-निबंधावर बारा नावे असतात, तिचे नसते. तिला हातमोजे मिळतात का, लस मिळाली आहे का, पगार वेळेवर मिळतो का, हे संशोधनाच्या प्रस्तावात कुठेही लिहिलेले नसते. आणि ज्या कामाला आपण हलके मानतो, ते काम निष्काळजीपणे होणार हे ठरलेलेच.

कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी हे फार आधी ओळखले होते. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी स्वतः भंगीकाम मागितले. वरच्या जातीच्या कैद्याला ते काम देणार नाही, असे तुरुंगाने सांगितले, तेव्हा त्यांनी आपला आहार घटवून आग्रह धरला. त्यांच्या मागणीसाठी डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे खत करणारे संडास उभारले, आणि गोपुरी संडास म्हणून ते नावारूपाला आले. अप्पांच्या मते मैल्याची घृणा धुण्याचा उपाय एकच होता: हे काम सन्मानाने आणि शास्त्रशुद्ध रीतीने स्वतः करणे. जिवाणूंच्या संशोधकाला आज नेमके हेच दोन गुण लागतात. मला वाटते, पुण्याच्या प्रयोगशाळेत जे तरुण सकाळी हवाबंद पेटीत हात घालून नमुने हाताळतात, ते नकळत अप्पांच्याच रांगेत उभे आहेत. त्यांना तसे सांगायला हवे.

नमुना कसा घ्यायचा याइतकाच तो कोणाचा घ्यायचा हाही प्रश्न आहे. त्यासाठी आता म्हैसूरकडे येऊ. कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेटगळ्ळी नावाचा औद्योगिक भाग आहे. टायरचा कारखाना आहे, पाळ्यांमध्ये काम करणारे कामगार आहेत. रात्रपाळीचा माणूस पहाटे जेवतो, दुपारी झोपतो. जिवाणूंची संख्या आणि कामे दिवसभरात वरखाली होतात, आणि झोपेचे घड्याळ बिघडले की तीही बिघडतात, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे रात्रपाळीच्या कामगाराचा नमुना आणि दिवसपाळीच्या कारकुनाचा नमुना एकाच रकान्यात टाकून चालणार नाही. त्यात एकाच्या ताटात रागीमुद्दे, दुसऱ्याच्या ताटात भात-सांबार, तिसऱ्याच्या घरी ज्वारीची भाकरी. जगातल्या जिवाणूंच्या नमुन्यांचा हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सत्तर टक्क्यांहून जास्त नमुने युरोप, अमेरिका आणि कॅनडाचे निघाले. एकट्या अमेरिकेचे चाळीस टक्क्यांहून अधिक. त्या यादीत मेटगळ्ळीच्या कामगाराला जागा नाही. तरीही त्या श्रीमंत देशांतल्या लोकांवरून ठरवलेली "निरोगी" आतड्याची कल्पना त्याला लावून त्याला औषध विकले जाईल. भारतात २०१८ साली १४ ठिकाणच्या १,००४ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली, हे पुढचे पाऊल आहे. पण एवढ्या मोठ्या देशाला ते पुरेसे नाही.

म्हैसूरने एक धडा याआधीच दिला आहे. तिथल्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ पासून जन्मलेल्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर नोंदवून ठेवलेला होता. साठ वर्षांनी संशोधकांनी ती नोंदवही उघडली, त्या बाळांना वयस्कर माणसे म्हणून शोधून काढले, आणि जन्माच्या वेळच्या आकाराचा हृदयरोगाशी असलेला संबंध १९९६ साली जगापुढे मांडला. कोणा अनाम दाईने आणि परिचारिकेने नीट मोजले म्हणून ते शक्य झाले. पुण्याजवळच्या सहा गावांतही १९९३ पासून गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा असाच चिकाटीने पाठपुरावा झाला आहे. जिवाणूंच्या अभ्यासाला अशीच वर्षे लागतात. एका सकाळची एक डबी फार थोडे सांगते. गाव दहा वर्षे डबी देत राहील, तर ते केवळ विश्वासावर. म्हैसूर शहरात १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारखी संस्था असताना मेटगळ्ळीच्या कामगारांवर असा दीर्घ अभ्यास होऊ शकत नाही, असे मला मुळीच वाटत नाही.

पद्धत शुद्ध असली तर केवढे काम होते, याचे उदाहरण ओडिशात आहे. तिथल्या गावांतल्या ४,५५६ नवजात बालकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले गेले. एका गटाला सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम हा जिवाणू आणि त्याला पोसणारी साखर दिली, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपद्रवी पूड. कोणाला काय मिळाले हे आईलाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नाही. साठ दिवस घरोघर लक्ष ठेवले. रक्तात जंतुसंसर्ग होणे किंवा मूल दगावणे याचे प्रमाण नुसती पूड मिळालेल्या गटात ९ टक्के, तर जिवाणू मिळालेल्या गटात ५.४ टक्के राहिले. हा निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. बाळे मोजली, दगावलेली मोजली, आकडे लपवले नाहीत. याच्या शेजारी औषधाच्या दुकानात मांडलेल्या त्या रंगीत पुड्या ठेवून पाहा, ज्यांच्यावर "कोट्यवधी चांगले जिवाणू" एवढेच छापलेले असते. कोणत्या जातीचे, कोणत्या आजारात, किती रुग्णांवर, कोणाशी तुलना करून? विष्ठा पाठवा आणि आहारपत्रक घ्या, अशी हजारो रुपयांची चाचणी विकणारेही आता शहरांत आले आहेत. वर्णन विकणे आणि उपचार विकणे यांत फरक आहे. आज बहुतेक चाचण्या वर्णन करतात आणि उपचाराचे पैसे घेतात. मला हा रुग्णाच्या अज्ञानाचा धंदा वाटतो, आणि शिकलेले डॉक्टर त्यात सामील होतात याचे अधिक दुःख होते.

उलट बाजूही आहे. विष्ठेला उपचाराचा मान मिळाला आहे. नेदरलँड्समध्ये २०१३ साली निरोगी माणसाच्या विष्ठेचा द्रव आतड्यात सोडून, प्रतिजैविकांनंतरही पुन्हा उलटणाऱ्या, क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जिवाणूमुळे होणाऱ्या जुलाबाचे सोळापैकी तेरा रुग्ण पहिल्याच खेपेला बरे झाले. पण देणाऱ्याची तपासणी अपुरी झाल्याने अमेरिकेत एक रुग्ण दगावला, आणि २०१९ साली तिथल्या औषध प्रशासनाला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. जी गोष्ट तिथल्या मोठ्या यंत्रणेच्या हातून सुटली, तीच इथे एखाद्या गल्लीतल्या दवाखान्यात सुरू झाली तर काय होईल, याचा विचार आताच झाला पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी होणाऱ्याला त्याच्या भाषेत, त्याला समजेल असे सांगून संमती घ्यावी लागते. प्रत्यक्षात दहा पानांचा कागद पुढे केला जातो आणि अंगठा किंवा सही घेतली जाते. मेटगळ्ळीत तो कागद कानडीत हवा, वढूत मराठीत, आणि वाचता न येणाऱ्याला तोंडी. त्यात हे लिहिलेले असावे की नमुना कोठे जाईल, किती वर्षे राहील, परदेशी जाईल का, त्यातून कोणी औषध बनवून विकले तर गावाला काय मिळेल, आणि निकाल कधी सांगणार. निकाल न सांगता निघून गेलेले संशोधक गावात दुसऱ्यांदा येतात तेव्हा त्यांना उत्तर मिळत नाही, आणि त्यात गावाची चूक नाही.

माझी विनंती नीती समित्यांना आहे, कारण संशोधन-प्रस्ताव त्यांच्या टेबलावरून जातो. प्रस्ताव आला की विचारा: ज्यांच्या घरी स्वतंत्र संडास नाही त्यांच्याकडून नमुना कसा घेणार? डबी उचलणाऱ्या मावशीला हातमोजे कोण देणार, आणि अंदाजपत्रकात त्यांचा खर्च लिहिला आहे का? घेतलेल्या गोळ्यांची नोंद होणार आहे का? निकाल कोणत्या भाषेत, कोणत्या महिन्यात परत जाणार? ही उत्तरे नसतील तर प्रस्ताव परत पाठवा. आणि वाचकांनो, तुमच्या किंवा तुमच्या आईवडिलांच्या हाती उद्या ती डबी कोणी दिली तर मान खाली घालू नका. हेच चार प्रश्न विचारा, उत्तरे पटली तर नीट भरून द्या, आणि जी मावशी डबी न्यायला येईल तिला आधी बसायला सांगा.